बांगड्याचा कंस, सावंतांचं स्पेलिंग

[दृश्य: मिरकरवाडा बंदर, धो धो पाऊस. ताडपत्रीखाली झाकलेल्या होड्या.]

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि बंदरावर येणारी मासळी आटते. नमुने गोळा करायचं काम थांबलं, की साठलेल्या नोंदींचे शोधनिबंध करायला सवड मिळते. रत्नागिरीजवळच्या शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीत कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र. मासा असो, आंबा असो की काजू, प्रत्येक निबंधाच्या शेवटी संदर्भयादी ही लागतेच.

यादी सुबक दिसणं वेगळं आणि ती बरोबर असणं वेगळं. सुबकपणा सॉफ्टवेअर आणून देतं. बरोबर आहे की नाही, हे मूळ पान उघडूनच कळतं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना.]

आधी ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचा, त्याच्या सूचना वाचाव्यात. सोबत त्याच्या ताज्या अंकातला एक निबंध उघडून ठेवावा. सूचनांमध्ये जे सांगायचं राहून गेलेलं असतं, ते छापलेल्या यादीत दिसतं.

पद्धती मुख्यतः दोन. मजकुरात आडनाव आणि वर्ष द्यायचं, ती हार्वर्ड. तिचा उगम एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या निबंधात सांगितला जातो. विषय होता बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांची वाढ. दुसरी, मजकुरात नुसता क्रमांक टाकायची, व्हँकुव्हर. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले होते, त्यावरून हे नाव.

प्रत्येक पद्धतीचे बारकावे निराळे. आठ लेखकांचा निबंध एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आडनाव-वर्ष पद्धतीच्या) सातव्या आवृत्तीनुसार यादीत आठही नावांनिशी येतो. तिथे वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची असतात. मजकुरात मात्र तीन किंवा जास्त लेखक असले, की पहिल्या उल्लेखापासूनच ‘एट अल.’, म्हणजे ‘आणि इतर’. व्हँकुव्हर पद्धतीत बहुधा पहिली सहा नावं आणि पुढे ‘एट अल.’.

क्रमांक हातानं टाकू नयेत. चर्चेतला एक परिच्छेद वर सरकवला, तरी त्यापुढचे सगळे क्रमांक चुकतात. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते वापरावं. पण झोटेरो संकेतस्थळावरून मिळेल तीच माहिती जशीच्या तशी उचलतं. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येतं, शास्त्रीय नावाचं तिरपं वळण जातं. आणि केरळ-तामिळनाडूकडच्या लेखकाच्या नावामागचं आद्याक्षर आडनाव म्हणून बसतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे निबंध आपल्याकडे सतत लागतात, त्यामुळे ही चूक कोकणातल्या याद्यांत हमखास सापडेल.

दुरुस्ती करायची ती झोटेरोच्या नोंदीत, वर्डच्या फाइलमध्ये नाही. वर्डमध्ये केलेला बदल यादी पुन्हा ताजी होताच पुसला जातो. शास्त्रीय नाव तिरपं हवं, तर शीर्षकात त्याच्या आधी एचटीएमएलची ‘आय’ खूण आणि नंतर तीच बंद करणारी खूण टाकावी.

[दृश्य: दोन निबंधांची पहिली पानं शेजारी शेजारी.]

आता नावं. ‘सावंत’ रोमन लिपीत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू. निबंधावर जे छापलंय तेच घ्यायचं, आपल्याला योग्य वाटतं ते नाही. अक्षर बदललं तर वर्णानुक्रमात जागा बदलते आणि शोधणाऱ्याला निबंध सापडत नाही. २०१८ चे दोन पाटील वेगवेगळे असतील, तर एपीएमध्ये मजकुरातही आद्याक्षरं द्यावी लागतात. एकाच पाटलांचे एकाच वर्षी दोन निबंध असतील, तर वर्षाला ए आणि बी जोडायचं, तेही यादीतल्या शीर्षकांच्या क्रमानं.

[दृश्य: बर्फावर बांगडा आणि तारली.]

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मासळीच्या शास्त्रीय नावापुढे येणाऱ्या, ते नाव देणाऱ्याच्या नावामुळे. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्ता, पुढे कंसात कुव्हिए, १८१६. तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स, पुढे कंसाशिवाय व्हॅलेन्सिएन, १८४७. हा कंस हौसेचा नाही. कुव्हिएनं बांगड्याला स्कोंबर या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं होतं. ती पुढे बदलली, म्हणून कंस. तारली पहिल्यापासून सार्डिनेलातच आहे, म्हणून कंस नाही. सगळ्या याद्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून कंस सरसकट घालणं किंवा काढणं म्हणजे चुकीची माहिती देणं.

वनस्पतींचा नियम आणखी वेगळा. तिथे सहसा वर्ष लिहीत नाहीत, आणि नाव देणारा जुना आणि नवा असे दोघेही येतात. रत्नागिरीच्या सड्यावर पावसात फुलणाऱ्या डिपकाडी कोंकणेन्सेपुढे कंसात डॅलझेल आणि कंसाबाहेर बेकर असतो.

मग कुव्हिए १८१६ यादीत घालायचा का? हे नाव देणाऱ्याची नोंद आहे, वाचलेल्या ग्रंथाचा उल्लेख नाही. वर्गीकरणाची काही नियतकालिकं तो संदर्भ मागतात, इतर बरीच मागत नाहीत. सूचना बघून ठरवावं आणि निबंधभर एकच नियम पाळावा.

जुने ग्रंथ जपून हाताळावेत. फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात भागाभागानं निघाला. रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर १८८० चं. हातात पुनर्मुद्रण असेल, तर त्याचं वर्ष द्यावं आणि पद्धतीत सोय असल्यास मूळ वर्षही. प्रबंधावर विद्यापीठाचं नाव जसं छापलंय तसंच घ्यावं. दापोलीच्या जुन्या प्रबंधांवर नुसतं ‘कोकण कृषी विद्यापीठ’ आहे. विद्यापीठाला नंतर मिळालेलं बाळासाहेब सावंतांचं नाव त्यात आज आपण घालू नये.

नियतकालिकांच्या नावांचा संक्षेप मनानं करू नये. ‘जर्नल ऑफ फिश बायोलॉजी’चं ‘जे. फिश बायोल.’ होतं, पण ‘एक्वाकल्चर’ एकाच शब्दाचं, ते तसंच राहतं.

[दृश्य: डीओआयवर क्लिक करणारा हात.]

डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, नेहमी १० या आकड्यानं सुरू होतो. तो पूर्ण दुव्याच्या रूपात लिहावा आणि शेवटी पूर्णविराम चिकटवू नये. तो दुव्यात गेला तर पान उघडत नाही. मग प्रत्येक दुवा, खरंच प्रत्येक, उघडून शीर्षक, लेखक, वर्ष, खंड आणि पानं ताडून बघावीत. डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन आलेला निबंध २०२२ च्या खंडात असू शकतो. खंड मिळाला असेल तर बहुधा त्याचंच वर्ष देतात, मजकुरात आणि यादीतही. काही नियतकालिकांत पानांऐवजी लेखक्रमांक असतो. तिथे पीडीएफची पानं मोजून १ ते १२ लिहिणं चूक.

याच तपासणीत बनावट संदर्भ पकडले जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून यादी मागितली, तर लेखक खरे, नियतकालिक खरं, पण असा निबंधच नाही, असं घडतं. डीओआय उघडत नाही किंवा भलत्याच निबंधावर नेतो. असा संदर्भ काढायचा आणि त्याच्या आधारावर लिहिलेलं वाक्यही काढायचं. दुसऱ्याच्या यादीतून न वाचता उचललेल्या संदर्भाचं दुखणं जुनं आहे: त्याच्या चुकलेल्या पानक्रमांकासकट तो आपल्याकडे येतो.

शेवटची फेरी कागदावर. मजकुरातला एकेक उल्लेख यादीत शोधून खूण करायची, मग उलट. बिनखुणेचा जो उरेल, त्याला मजकुरात जागा द्यायची नाहीतर काढायचा. झोटेरोचे दुवे तोडून साधा मजकूर करायचा असेल, तर आधी फाइलची प्रत करून ते काम प्रतीत करावं. मूळ फाइल परीक्षकांच्या सूचना आल्यावर लागते.

निबंध स्वीकारला गेला, की मुद्रितं (प्रूफं) येतात, संदर्भांशेजारी संपादकीय प्रश्नांसह. उत्तराला पुष्कळदा दोनच दिवस मिळतात. ‘छपाईत’ म्हणून दिलेला निबंध एव्हाना निघाला असेल, तर त्याचा खंड आणि पानं आत्ताच भरावीत. प्रकाशनानंतर तेवढ्यासाठी वेगळं शुद्धिपत्र काढावं लागतं, आणि मूळ पीडीएफ तोवर लोकांनी उतरवून घेतलेली असते.