तीस घरं, एकच चेहरा: बाथच्या रॉयल क्रेसेंटमागे काय दडलंय?

नमस्कार मंडळी!

(स्क्रीनवर: हिरवळीपलीकडून दिसणारं रॉयल क्रेसेंट)

बघा बरं नीट. राजवाडा वाटतोय ना? पण ही आहेत एकाला एक लागून बांधलेली 30 घरं. इंग्लंडमधल्या बाथ शहरात 1767 ते 1775 या काळात ही उभी राहिली. वास्तुरचनाकार होता जॉन वुड, धाकटा. म्हणजे बापाचं नावही जॉन वुडच, आणि तोही बाथमधला नावाजलेला वास्तुरचनाकार.

त्या काळी बाथला श्रीमंतांची रीघ लागायची. गरम पाण्याच्या झऱ्यांत डुंबायचं, नाचगाण्याला जायचं, मुलामुलींची लग्नं जुळवायची. यातले बरेच जण हंगामापुरतं घर भाड्यानं घेत. त्यामुळे इथं घरं बांधणं हा चांगला धंदा होता, आणि रॉयल क्रेसेंट हेही त्याच धंद्यातून आलं.

आता यातली खरी गंमत सांगतो. वुडनं फक्त दर्शनी भाग ठरवला. ज्याला घर हवं, त्यानं त्या दर्शनी भागाचा एक तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या पसंतीच्या माणसाकडून हवं तसं बांधून घ्यायचं. अट एकच: समोरच्या रेषेत तसूभरही बदल नाही.

(स्क्रीनवर: आधी पुढची बाजू, मग मागची)

म्हणून पुढून पाहिलं तर 114 खांब एका तालात उभे. आयोनिक शैलीचे, माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी वेटोळी असलेले. आणि मागून? कुठे भिंत पुढे आलेली, कुठे आत गेलेली, खिडक्यांच्या ओळी जुळत नाहीत, छपरांची उंची वेगवेगळी. दगडाचंही तसंच. पुढे बाथचा तो मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, गुळगुळीत तासून, सांधा दिसू नये असा बसवलेला. मागे बरंचसं बांधकाम ओबडधोबड दगडांचं. पुष्कळांना मागची बाजू कुरूप वाटते. मला ती फार आवडते, कारण त्या घरांत कोण राहणार होतं आणि त्यांना काय हवं होतं, हे तिथे कळतं. पुढच्या बाजूला फक्त वुड दिसतो.

आता दर्शनी भाग खालून वर वाचूया. तळमजला अगदी साधा ठेवलाय. नक्षी नाही, खांब नाहीत. खांब सुरू होतात पहिल्या मजल्यापासून आणि दोन मजले चढून जातात. का? कारण दिवाणखाना पहिल्या मजल्यावर. पाहुणे तिथे बसणार, म्हणून उंच खिडक्या तिथे. त्याच्या वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, तिथे खिडक्या बुटक्या. आणि सगळ्यात वर दगडी कठडा. त्या कठड्याच्या मागे छपरातल्या खोल्या आहेत. हिरवळीवरून त्या सहसा लक्षातही येत नाहीत. कोण झोपायचं तिथे? नोकर.

तेच नोकर दिवसभर तळघरात. घर आणि फूटपाथ यांच्यामध्ये एक खोल मोकळी जागा सोडलेली असते, लोखंडी कठडा लावलेली. तळघराला उजेड आणि हवा तिथून मिळते. फूटपाथच्या खाली कोळशाच्या कोठ्या. कोळसा, पाणी, जेवण, राख, सगळ्याची ने-आण व्हायची, पण मालकाच्या पाहुण्यांना ती दिसता कामा नये. म्हणून नोकरांचा जिना वेगळा.

हे सगळं आतून बघायचं असेल तर 1 नंबरच्या घरात जा. क्रेसेंटमधलं हे सगळ्यात पहिलं घर. 1776 पासून हेन्री सँडफर्ड नावाचे आयर्लंडचे एक गृहस्थ इथे भाड्यानं राहत होते. आज तिथे संग्रहालय आहे आणि खोल्या त्यांच्याच काळातल्यासारख्या सजवल्या आहेत. स्वयंपाकघरात भिंतीवर एक लाकडी चाक दिसेल. त्या चाकात कुत्रा पळवायचे! तो पळाला की चाक फिरणार, चाकाबरोबर चुलीपुढची सळई फिरणार आणि सळईवरचं मांस सगळीकडून सारखं भाजलं जाणार. खास या कामासाठी आखूड पायांचे कुत्रे पाळत. विस्तवाशेजारी तासन्‌तास पळणारं ते जनावर डोळ्यांसमोर आणा आणि मग वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना बघा.

एप्रिल 1942 मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले. क्रेसेंटमधली 2 आणि 17 नंबरची घरं आतून जळून खाक झाली. नंतर ती पुन्हा उभी केली. आज पुढून बघताना यातली कुठली घरं जळाली होती, हे सांगता येणार नाही.

1 नंबरचं घर 1967 मध्ये बर्नार्ड केझर यांनी विकत घेऊन बाथ प्रिझर्वेशन ट्रस्टला दिलं आणि 1970 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. पण नोकरांच्या कामाचा भाग, म्हणजे 1-ए, मधल्या काळात वेगळा झाला होता. त्यामुळे कित्येक वर्षं लोक मालकाच्या बाजूचंच घर बघून परत जायचे. 2013 मध्ये दोन्ही भाग पुन्हा जोडले गेले. माझ्या मते ट्रस्टनं केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. तेव्हा बाथला गेलात तर हिरवळीवर फोटो काढून परत फिरू नका. आत जा, स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ थांबा, आणि बाहेर आल्यावर मागच्या गल्लीतून एक चक्कर नक्की मारा.