फोन ऐकायला ठेवा

(केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

आज मला अर्धा तास मिळालाय. तेवढ्यात एकच गोष्ट मांडते. वर्गातला मोबाइल आपण मुलांना काहीतरी दाखवण्यासाठी उघडतो. तो मुलांचं वाचन ऐकण्यासाठी उघडा.

माझी शाळा तांड्यावरची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट 24. घरोघर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. पहिलीत आलेलं मूल आईला याडी म्हणतं आणि पुस्तकातल्या चित्राखाली ‘आई’ लिहिलेलं असतं. लोकवर्गणीतून टीव्ही आला तेव्हा मला वाटलं, आता ही अडचण सुटली. कवितेचा व्हिडिओ लावला की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, हातवारे करायचा. पाहुणे आले की खूश व्हायचे. दोन महिन्यांनी मी एकेकाला जवळ बसवून तीच कविता पुस्तकातून वाचायला सांगितली. दुसरीतल्या एका मुलानं ती घडाघडा म्हटली. शेवटच्या कडव्यावर तो पोचला तेव्हा त्याचं बोट मात्र दुसऱ्याच ओळीवर होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवले नाही.

व्हिडिओ वाईट असतात असं मी म्हणत नाही. समुद्र न पाहिलेल्या मुलाला भरती-ओहोटी दाखवायची तर दुसरं काय दाखवणार? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड आणले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांचा अभिमान आहे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले, ते दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर उघडतात. पण आमच्या तांड्यावर कोड उघडणारा फोन बापाच्या खिशात, आणि बाप दिवाळीनंतर साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या फडावर. म्हणजे राहिला तो माझाच एक फोन. एका फोनवर 24 मुलांना काय दाखवणार?

ऐकता मात्र येतं. साधा हिशोब सांगते. रोज पाच मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, पंधरा मिनिटांत काम होतं. आठवड्यात सगळा वर्ग येतो. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच, नवीन काही घ्यावं लागत नाही. वर्गात गोंगाट असतो, म्हणून मी मुलाला लिंबाखालच्या कट्ट्यावर पाठवते, सोबत चौथीतलं एक मूल. फोन मांडीवर, पुस्तक हातात.

तिसरीतली एक मुलगी फार वेगानं वाचायची आणि त्यावर खूश असायची. तिचंच वाचन मी तिला ऐकवलं. पहिल्यांदा ती लाजली, तोंडावर ओढणी घेतली. दुसऱ्यांदा ऐकताना पुस्तक उघडून शब्दांवर बोट फिरवायला लागली. मध्येच म्हणाली, “बाई, इथं टिंब हाय की. म्या थांबलेच न्हाई.” पूर्णविराम मी तिला वर्षभर शिकवत होते. तिसऱ्यांदा तिनं स्वतःहून परत रेकॉर्ड केलं.

गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अ‍ॅप मराठीत आहे, तेही वापरून बघा. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. मूल मोठ्यानं वाचतं, अ‍ॅप ऐकतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो उच्चारून दाखवतं. सराव चांगला होतो. पण मूल का अडलं, हे आपल्यालाच बघावं लागतं. ‘रस्त्यावर’ या शब्दापाशी जोडाक्षर नडलं, की चष्मा लागलाय, की सकाळपासून पोटात काही नाही, हे कुठलंही अ‍ॅप सांगत नाही. मी वहीत मुलाच्या नावापुढे अडलेले शब्द लिहून ठेवते.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळही बघा. 2015 पासून आहे, मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापता येतात, आपल्या भाषेत करताही येतात. आम्ही एक गोष्ट गोरमाटीत केली. एका मुलाच्या आजीनं सांगितली, मुलांनी देवनागरीत लिहिली. शब्द कसा लिहायचा यावर तास संपला तरी त्यांचं भांडण चाललं होतं. इतकं बारकाईनं अक्षरांकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एक कळकळीची विनंती. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला ठेवू नका. ते मूल उद्या गावात फिरणार आहे. रेकॉर्डिंग मी, मूल आणि त्याचे आईबाप, एवढ्यांतच राहतं.

आईबापांचं सांगते. गेल्या हंगामात काही मुलं मागं आज्यांजवळ राहिली. दर शनिवारी मी एकेकाचं वाचन त्याच्या आईला फडावर पाठवायचे. एका आईचा रात्री उशिरा आवाजी निरोप आला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. “बाई, लईच बारका धडा पाठिवला. मोठा पाठवा, गाडी भरूस्तोवर ऐकंन.”