पिंपावरचे तीन चौकोन

[दृश्य: एमआयडीसीतलं गोदाम, पहाट. 200 लिटरचं लोखंडी पिंप.]

या पिंपात टोल्युइन आहे. रंगकामात सरसकट ‘थिनर’ म्हणतात, त्यातला हा एक मुख्य घटक. दिसायला पाण्यासारखं, वास गोडसर. लेबलावर कोनावर उभे, तांबड्या किनारीचे तीन चौकोन. एकात ज्वाळा, एकात उद्गारचिन्ह, तिसऱ्यात माणसाच्या छातीवर फुटलेली चांदणी.

ज्वाळा सगळ्यांना कळते. पण किती सावध राहायचं, ते सोबतच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा नववा भाग सांगतो: फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, 4 अंश सेल्सिअस. म्हणजे थंडीतल्या या पहाटेही झाकण उघडलं की येणारी वाफ एका ठिणगीनं पेटेल. ही वाफ हवेच्या तिप्पट जड. जमिनीलगत पसरत ती पलीकडे वेल्डिंग चालू असेल तिथवर पोहोचते.

[दृश्य: छातीवरची चांदणी, जवळून.]

या चित्राकडे नीट बघा. वर्षानुवर्षं हुंगलेली वाफ मेंदूवर, नसांवर परिणाम करते. गर्भातल्या बाळालाही धोका संभवतो. आणि हेच चित्र आणखी एक इशारा देतं, जो चौथ्या भागात, प्रथमोपचारात, स्पष्ट लिहिलेला असतो: पोटात गेल्यास उलटी करवू नका. आपल्याकडे अशा वेळी मिठाचं पाणी पाजायची घाई होते. इथे तीच जिवावर बेतू शकते. उलटीबरोबर वर आलेलं टोल्युइन श्वासनलिकेत उतरलं, तर थोडंसंही फुप्फुसांना गंभीर इजा करतं.

पत्रकाचे भाग 16, क्रम जगभर तोच. धोके दुसऱ्यात, आग विझवणं पाचव्यात, हातमोजे-मास्क आठव्यात. एका आकड्यानं मात्र फसू नका: पत्रकात धोक्याची ‘श्रेणी 1’ म्हणजे सर्वांत घातक. टाक्यांवरच्या चाररंगी चौकोनात उलटं, तिथे 4 सर्वांत वाईट.

[दृश्य: काळा पडदा. 3 डिसेंबर 1984, भोपाळ.]

त्या रात्री डोळे चोळत, धापा टाकत हजारो माणसं रुग्णालयांत आली. वायू कोणता, उपचार काय, याची धड माहिती डॉक्टरांकडेही नव्हती. त्यानंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कामाच्या जागेवरच्या धोक्यांची माहिती मागणं हा कामगाराचा हक्क ठरला. 1989 च्या नियमांनी घातक रसायनांसाठी माहितीपत्रक बंधनकारक केलं.

[दृश्य: ऑफिसातलं कुलूपबंद कपाट.]

पण पत्रक या कपाटात, तेही इंग्रजीत. रात्रपाळीला किल्ली साहेबांबरोबर घरी जाते. निदान चौथा भाग मराठीत, हिंदीत लिहून पिंपामागच्या भिंतीवर लावा. आजच.