एक तोटी आणि साठ बाटल्या

मंडळी, नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरच्या बिअरच्या ६० बाटल्या, दोन तासांत, फरशी न भिजवता’. विषय मीच दिलेला, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. वेळ दिलाय ५० मिनिटं. त्यातली बरीचशी मी एका तोटीवर घालवणार आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे मागाहून कुणी ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणायला नको.

इथे बसलेल्या बहुतेकांनी बिअर बनवलेली आहे. वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळणं, यीस्ट टाकणं, फर्मेंटरपाशी, म्हणजे आंबवायच्या भांड्यापाशी, उकिडवं बसून बुडबुडे मोजणं, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, विषय काढा, माणसं रात्री दोनपर्यंत भांडतील. बाटल्या भरायच्या म्हटलं की एकेकाला कामं आठवायला लागतात. कारण उघड आहे. बाटल्या भरणं म्हणजे भांडी घासणं, आणि भांडी घासायचा छंद आहे असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता जरा हात वर करा. बाटली पेल्यात रिकामी केली की तिथल्या तिथे कोण विसळतं? एक, दोन, तीन… चार. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ, तुमच्या शेजारी वहिनींनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. तीन धरतो.

माझं एकच टुमणं आहे, ते आज ऐकून घ्या. बाटल्या भरायचा दिवस सुरू होतो तो आधीची बाटली प्यायलात त्या रात्री. घरच्या बिअरच्या बाटलीत तळाला यीस्टचा पातळ थर असतो. तो ओला असताना गरम पाणी घालून दोनदा खळखळवा, उलटी करून ठेवा. वीस सेकंद. तोच थर आठवडाभर वाळू द्या, की मग ब्रश आला, सोडियम परकार्बोनेटची धुण्याची पूड आली, रात्रभर भिजवणं आलं. आणि एवढं करूनही बाटली उजेडासमोर धरून एक डोळा मिटून बघायचं ते बघायचंच. आता याला ६०ने गुणा.

आमचे मेहुणे आहेत. नाव घेत नाही, घेतलं तरी त्यांना काही वाटणार नाही. त्यांना मी बाटल्या देतो आणि सांगतो, रिकाम्या परत करा. करतात हो, अगदी इमानाने करतात. एकीत सिगारेटचं थोटूक, एकीत मेणबत्ती रोवलेली, आणि एकीत काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्याला केस आले होते. ती बाटली मी चिमट्याने उचलली. तेव्हापासून मेहुण्यांना नियम असा, की प्यायची तर माझ्यासमोर प्यायची आणि बाटली ठेवून जायची.

असो. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तुम्ही शंभरदा ऐकलंय. फॉस्फोरिक आम्लाचं, न विसळता चालणारं द्रावण काय किंवा आयोडीनचं आयोडोफोर काय, स्वच्छ काचेवर एक-दोन मिनिटांत काम करतं. मळावर ओतलं तर वरच्यावर फिरून येतं, आणि खालचे जंतू मजेत असतात. हे तत्त्व मी स्वतः लोकांना शिकवत होतो. शिकवत होतो आणि माझ्याच घरात… तर आता तोटी.

ही बघा. खिशातून आणलीय. फिरवा सगळ्यांत, पण वास घेऊ नका. बाटल्या भरायच्या बादलीला खाली असते ती साधी प्लास्टिकची तोटी. दर खेपेला मी हिच्यातून गरम पाणी सोडायचो, मग द्रावण सोडायचो, आणि समाधानाने हात पुसायचो. दोन वर्षं.

एकदा उन्हाळी एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, केली होती, ५८ बाटल्या निघाल्या. झाकणं दाबायला माझी मुलगी बसली होती, तेव्हा नऊ वर्षांची. तिला कंटाळा आला म्हणून तिने मार्कर घेतला आणि प्रत्येक झाकणावर आकडा टाकत गेली, १ ते ५८. मी रागावलोसुद्धा, म्हटलं कशाला शाई वाया घालवतेस. महिनाभर बिअर झकास लागली. दीड महिन्यानंतर एक बाटली उघडली तर कारंजं! छतापर्यंत नाही, उगाच सांगत नाही, पण चष्म्यापर्यंत नक्की. दुसऱ्या दिवशी उघडली ती एकदम शहाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा कारंजं.

माझा पहिला संशय साखरेवर, बाटलीत वायू व्हावा म्हणून भरताना घालतो त्या. तुमचाही तोच असणार. साखरेचं पाणी जड, नीट ढवळलं नाही तर तळाशी बसतं, आणि तोटीही तळाशीच. मग पहिल्या बाटल्यांत साखर जास्त, शेवटच्यांत कमी. मी ढवळल्याचं मला आठवत होतं, पण न ढवळणाऱ्यालाही तसंच आठवतं. तेव्हा आमच्या कन्येने केराच्या डब्यातून झाकणं काढून ओट्यावर मांडली. उसळलेल्या बाटल्यांचे आकडे ३, ७, १, ११. शहाण्यांचे २६, ४०, ३३. म्हणजे पहिल्या डझनातच भानगड होती.

इथपर्यंत साखरेचाही पुरावा जमतो. पण मग मी नळाशी उभा राहून चाखलं, एका हातात ७, दुसऱ्या हातात ४०. साखर जास्त झाली असती तर ७ नुसती जास्त फसफसली असती, चव तीच राहिली असती. ती तर आंबट लागत होती आणि अंगाने पातळ झाली होती, पाणचट म्हणतो आपण तशी. आणि बाटलीच्या मानेत, बिअरच्या पातळीवर, बारीकसं पांढरट कडं. ते कडं म्हणजे जंतूंची खूण, ते दिसलं की साखरेला निर्दोष सोडायचं.

मग ही तोटी काढली. हिची आतली दांडी बाहेर निघते, हे मला दोन वर्षांत ठाऊक नव्हतं! गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली, मागून अंगठ्याने दाबली, आणि बुचासारखी ‘टप्’ करून निघाली. आत दांडीभोवती तपकिरी साय. दुधावर धरते तशी, बोटाला गुळगुळीत लागणारी. तोटी बंद असताना पाणी तिथे पोचतच नाही, आणि उघडी असताना भोकातून सरळ निघून जातं. द्रावणाचंही तेच. दर खेपेला पहिल्या डझनभर बाटल्या त्या सायीवरून धुऊन निघत होत्या. मागच्या बाटल्यांतही थोडे जंतू गेले असणारच, पण त्यांना हातपाय पसरायला वेळ मिळायच्या आत आम्ही त्या पिऊन टाकल्या.

मुलीची मी माफी मागितली. तिने नवा मार्कर मागितला.

एक गंमत सांगून पुढे जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल, सोळाव्या शतकातले, मासे पकडायला गेले आणि एलची बाटली गवतात विसरून आले, अशी कथा आहे. काही दिवसांनी जाऊन बूच काढलं तर बंदुकीसारखा आवाज! बाटलीतल्या बिअरचा शोध असा लागला म्हणतात. दंतकथाच आहे ती, पण मला आवडते, कारण त्यात बाटली धुतल्याचा कुठेही उल्लेख नाही.

काय? दहा मिनिटं? चिठ्ठीवर तर आठ लिहिलंय. बरं, आता ६० बाटल्या.

आधी आंबणं संपल्याची खात्री. हायड्रोमीटरचा, म्हणजे बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा तीन दिवस तोच आला पाहिजे. १.०१४वर घाईने भरलीत आणि ती पुढे बाटलीत १.०१०ला जाऊन पोचली, तर ठरवलेल्या वायूच्या जवळजवळ दुप्पट वायू होतो. काच फुटते, आणि तेव्हा हसायला येत नाही.

साखर. २० अंशांच्या आसपास आंबलेल्या बिअरमध्ये आधीच बिअरच्या आकारमानाच्या साधारण ०.८५ पट वायू विरघळलेला असतो. लिटरमागे ४ ग्रॅम साधी साखर आणखी एक पट देते. २.४ पट हवा असेल तर लिटरमागे ६ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे २० लिटरला १२० ते १२५ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, वजन करा. पेलाभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, रिकाम्या बादलीच्या तळाशी घाला आणि बिअर सायफनने त्यावर सोडा. नळीचं तोंड बुडालेलं ठेवा, खळखळ आवाज होता कामा नये. हवा मिसळली की महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. मग स्वच्छ चमच्याने हळूच ढवळा, आणि ढवळल्याचं लिहून ठेवा.

मांडणी. बादली ओट्यावर, तुम्ही खाली बुटक्या स्टुलावर. भरायची झडपवाली कांडी लांब नळीला लावून लोंबकळत ठेवू नका. बोटभर नळीच्या तुकड्याने ती थेट तोटीला जोडा. मग बाटली खालून वर सरकवायची, तळ टेकला की झडप उघडते, काठोकाठ भरू द्यायची आणि खाली ओढायची. कांडी निघाली की वर तीनेक सेंटिमीटर जागा आपोआप राहते. दोन्ही हात मोकळे. खाली काठ असलेला मोठा ट्रे ठेवा, सांडेल ते त्यात. डिशवॉशर असेल तर त्याचं दार उघडून त्यावरच भरा, शेवटी दार लावलं की संपलं.

बाटल्या विसळलेल्या आहेतच, हो ना, तिसरी रांग? मग भरायच्या आधी पाव तास द्रावणाचा फवारा मारून उलट्या ठेवा. आत फेस राहिला तर राहू द्या, आम्लाचं द्रावण सांगितलेल्या प्रमाणात असेल तर चालतं. ब्लीच वापरत असाल तर भरपूर विसळावं लागेल, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

डझन भरा, डझनावर झाकणं नुसती ठेवा, मग एकदम दाबा. फिरकीच्या बाटल्यांवर हाताने दाबलेलं झाकण नीट बसत नाही, त्या बाजूला काढा. बाटली तपकिरी घ्या, हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड जातो आणि हॉप्सचा कुबट वास सुटतो. एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून कडक लागली की बाकीच्यांतही वायू झाला समजायचं. साधारण दोन आठवडे, घरातल्या उबेत.

आणि झाकणांवर आकडे टाका, १पासून.

उठतो, उठतो. भरून झाल्यावर तोटी त्याच दिवशी उघडायची, दांडी बाहेर काढायची, हे राहिलंच होतं. आणि हो, माझी तोटी कुणाकडे अडकली? मागच्या रांगेत? इकडे द्या. बादलीला नवी लावलीय, पण ही पुढच्या व्याख्यानाला लागेल.