शशकातलं तिघांचं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार. पौष चालू आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे. परभणी-हिंगोलीकडे शेतात आगटीभोवती बसून कुणी हे ऐकत असेल, तर त्यांच्याकडे माझं एक काम आहे. ते शेवटी सांगतो.

आधी आगटीतली गोवरी पाहा. भडका नाही, पण धग रात्रभर जात नाही. लाल बटुतारे असेच असतात. सूर्यापेक्षा लहान, कमी तापलेले, आणि इंधन इतकं पुरवून जाळणारे, की सूर्य विझला तरी ते अब्जावधी वर्षं जळत राहतील. शशक, म्हणजे ससा, या तारकासमूहातला ग्लीझ 229 हा त्यातलाच एक. आपल्यापासून जेमतेम 19 प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आकाशाच्या मानानं अगदी शेजार.

1995 मध्ये या ताऱ्याजवळ एक फार मंद सोबती सापडल्याचं जाहीर झालं. त्याच्या प्रकाशात मिथेनची खूण होती. गोबरगॅसमध्ये असतो तोच मिथेन! ताऱ्याच्या आचेत तो टिकत नाही, म्हणजे हा सोबती तारा नव्हता. तो होता तपकिरी बटू. असं काही आकाशात असणार, हे भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी 1963 मध्ये गणितानं मांडलं होतं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी 1975 मध्ये अशा गोळ्यांना ‘तपकिरी बटू’ हे नाव दिलं. कुमारांच्या गणितानंतर 32 वर्षं गेली, तेव्हा कुठे हा मिथेनवाला दिसला.

वैशाखात माळवदाच्या घराची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते. भिंत पेटलेली नसते, दिवसाची ऊब सोडत असते. तपकिरी बटूचं तसंच आहे. गुरू ग्रहाच्या साधारण 75 पट वस्तुमान असल्याशिवाय पोटातला हायड्रोजन कायमचा पेट घेत नाही. त्याहून हलका गोळा आकसताना तापतो, आणि मग निवतच जातो.

पुढे या सोबत्याचं वजन निघालं, गुरूच्या जवळपास 70 पट. आणि हिशेब अडला. एवढ्या वजनाचा गोळा इतका मंद कसा? मोंढ्यात काटा बरोबर आहे, पोतंही समोर आहे, तरी माल जुळत नाही, अशी गत. माझ्या मते या सगळ्या कथेतली खरी गंमत इथेच आहे.

2024 मध्ये उत्तर मिळालं. चिलीतल्या आठ-आठ मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणला, आणि दिसलं की तो एक नव्हताच. दोघे होते. एक गुरूच्या 38 पट, दुसरा 34 पट, बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारणारे. त्यांच्यातलं अंतर आपल्या चंद्राच्या अंतराच्या सोळा पट, बस. तापलेला मोठा धोंडा फोडला तर तुकडे लवकर निवतात. हे दोघे तसेच लवकर निवले होते. प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून बारीकसा फरक टिपायची हीच युक्ती आपल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पातही आहे, फक्त तिथे गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारीक हेलकावे, मोजायच्या आहेत.

आता ते काम. रात्री दहा-अकराला आगटीकडे पाठ करा, डोळे अंधाराला सरावू द्या. दक्षिणेकडे तोंड केलं की मृग वर, त्याच्या डावीकडे खाली लखलखता व्याध. व्याधाच्या थोडं खाली, उजव्या हाताला शशक. नुसत्या डोळ्यांना तो लाल बटू दिसणार नाही, द्विनेत्री दुर्बिणीतून ठिपक्याएवढा दिसेल. त्याचे सोबती तर तिच्यातूनही दिसायचे नाहीत. पण जवळ पोरं असतील, तर तिकडे बोट दाखवून सांगा, तिथे तिघं राहतात.