सूत्राचं चित्र नको, सूत्र हवं

(लातूर येथे गणिताच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लातुरात गणिताच्या किती सराव प्रश्नपत्रिका निघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि कितीतरी वेळा सूत्रं त्यात चित्र म्हणून चिकटवलेली असतात. डोळ्यांना दिसतात, पण अंश कुठला आणि छेद कुठे संपला हे संगणकाला कळत नाही. चित्रातली चूक दुरुस्त करायची तर सगळं पुन्हा टाइप करा. आणि ज्या मुलीला दिसत नाही, तिच्यासाठी तो प्रश्न छापलेलाच नाही.

जुन्या डीटीपी फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की काय दिसायचं, ते आठवा. प्रत्येक चिन्हाला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकामुळे मजकूर त्यातून सुटला. सूत्रांची तशीच सुटका करणारं मानकही आहे, मॅथएमएल. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात सूत्राची रचना लिहिलेली असते: हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हे वर्गमूळ आणि ते इथे संपलं.

हाताने मात्र ते कुणी लिहू नये, फार लांबलचक असतं. आपण लाटेकमध्ये, म्हणजे सूत्रं साध्या अक्षरांत टाइप करण्याच्या पद्धतीत, थोडक्यात लिहावं आणि पँडॉकसारख्या, एका स्वरूपातून दुसऱ्यात मजकूर बदलणाऱ्या मुक्त साधनानं त्याचं मॅथएमएल करून घ्यावं. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमधलं सूत्र तर त्याच्या ओडीएफ या स्वरूपातल्या फाइलमध्ये मॅथएमएल म्हणूनच साठतं. सिमपाय या बीजगणित करणाऱ्या मुक्त साधनात सोडवलेलं उत्तरही त्या रूपात बाहेर काढता येतं.

आता आपल्या ‘क्ष’बद्दल. आपल्याला ते एक अक्षर वाटतं, पण युनिकोडमध्ये ते तीन चिन्हांचं आहे: क, हलन्त आणि ष. लाटेक गणितात प्रत्येक चिन्ह सुटं धरतं, म्हणून नुसतं ‘क्ष’ लिहिलं तर जोडाक्षर फुटतं. ते मजकूर म्हणून वेगळं गुंडाळावं लागतं. मॅथएमएलमध्ये अख्खं ‘क्ष’ एकाच चलाच्या खुणेत बसतं. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ही गोष्ट लहान वाटू नये. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या चाचण्यांत असं उदाहरण आपण घातलं नाही, तर दुसरं कोण घालणार?

ब्राउझरांची कथा थोडक्यात सांगतो. फायरफॉक्समध्ये मॅथएमएल दाखवण्याची सोय सुरुवातीपासून आहे. क्रोममध्ये ती २०१३ च्या आरंभी आली आणि पुढच्याच आवृत्तीत काढली गेली. मधली वर्षं मॅथजॅक्स या, पानासोबत उतरून सूत्रं दाखवणाऱ्या मुक्त स्क्रिप्टनं निभावून नेली. शेवटी इगालिया या स्पेनमधल्या सहकारी संस्थेच्या अभियंत्यांनी चिकाटीनं काम केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीत मॅथएमएल परतलं. आता सूत्र दाखवायला वेगळी स्क्रिप्ट उतरवून घ्यावी लागत नाही. बालाघाटातल्या ज्या वस्तीवर मोबाइलला रेंज जेमतेम मिळते, तिथल्या विद्यार्थ्याला याचं मोल कळेल.

माझं खरं सांगणं पुढचं आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मॅथकॅट या मुक्त साधनाच्या मदतीनं मॅथएमएल वाचून दाखवतो. वाचायचं कसं, याचे नियम प्रत्येक भाषेसाठी वेगळे, साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात. मराठीचे नियम लिहायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. वर्गात सूत्र मोठ्यानं वाचायची सवय हवी. ती या सभागृहात आहे.

‘अ अधिक ब भागिले क’ असं आपण फळ्याकडे बोट दाखवून म्हणतो. बोट काढून घेतलं की भागाकार फक्त ‘ब’चा की दोघांच्या बेरजेचा, ते कळत नाही. मग ‘अपूर्णांक सुरू, अंश अ अधिक ब, छेद क, अपूर्णांक संपला’ असं म्हणायचं का? प्रत्येक ओळीत इतकं ऐकून मूल कंटाळेल. तीन छेद चारला पाऊण म्हणावं का? बाजारात जरूर म्हणावं, पण बीजगणितात मला ‘तीन छेद चार’च बरं वाटतं, कारण पुढच्या पायरीला तो छेदच हाताळायचा असतो. ‘क्षचा वर्ग’ की ‘क्ष वर्ग’? बीडचे शिक्षक एक म्हणतील, नांदेडचे दुसरं.

म्हणून दुपारच्या सत्रात दहावीच्या बीजगणितातली सूत्रं घेऊन बसू. प्रत्येकानं ती डोळे मिटलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्यानं ऐकून लिहायची. जिथे लिहिणारा चुकेल, तिथला नियम आपण आधी लिहू.