तात्या, मोदक आणि निळी टिक

नमस्कार श्रोतेहो, आणि मंडळीतल्या सगळ्यांना सलाम. मी मिरजेहून बोलतोय.

गेल्या गणपतीत शेजारच्या काकूंनी दरवर्षीसारखा तळणीच्या मोदकांचा डबा दिला, मी दोन खाल्ले. आमच्या चर्चमधल्या तात्यांना ते कळलं आणि त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की नैवेद्याचं खाणारे विश्वासात कच्चे. मला एवढा राग आला की मीपण तिथंच बायबलमधल्या प्रेषित पौलाची खाण्याबद्दलची वचनं टाकली, एकावर एक, आणि खाली लिहिलं, तात्या बायबल जरा नीट वाचा. टिक निळी झाली, उत्तर काही आलं नाही. रविवारी भक्ती संपली आणि तात्या सलाम न घेताच निघून गेले, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस हो.

वचनं चुकीची नव्हती, मला आजही माझंच पटतं. पण मी रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय टाकला होता ना, त्यातच पौल म्हणतो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष देऊ नये, म्हणजे मी माझ्या सोयीचं तेवढंच उचललेलं. आणि मत्तयाच्या 18 व्या अध्यायात येशू सांगतो, भावाचं चुकलं तर त्याच्याकडं जा आणि दोघंच असताना सांग. दोघंच! आम्ही अख्ख्या ग्रुपसमोर सांगत बसलो.

असं न पटणं घराघरातही असतं. आपल्या शेजारी साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी देवाचा दरबार, म्हणजे येशूला मानणाऱ्यांचा बंधुसंघ, सुरू केला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला 1895 ला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते अजिबात पटलं नव्हतं, कित्येक वर्षं दोघं वेगळे राहिले, बाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. मधली ती वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण नवऱ्याचं म्हणून त्यांनी मान डोलावली नाही, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या.

शेवटी मी तात्यांच्या घरी गेलो. म्हटलं आधी तुम्ही बोला, आणि मधे तोंड घालायचं नाही हे मनाशी पक्कं केलं, अवघड गेलं पण केलं. तात्या म्हणाले, त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावानं पाणी बंद केलं होतं, त्या दिवसापासून घरात नैवेद्याला कुणी हात लावलेला नाही. हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासाठी वाद वचनांचा होता, त्यांच्यासाठी आजोबांचा. मग मी सांगितलं, आई दवाखान्यात होती तेव्हा याच काकू रात्र रात्र उशाशी बसल्या, त्यांचा डबा मी परत कसा करू? ग्रुपवर जे लिहिलं त्याची माफी मागितली, मोदकाची नाही मागितली.

तात्या अजून खात नाहीत, मी खातो. त्या दिवशी चहा झाला, मी चपला घालत होतो तर तात्या दारात येऊन म्हणाले, काकूंना माझा नमस्कार सांग बरं का.